अण्णांचा रिपोर्ट नॉर्मल होता

परवा रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन आला. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही, आता तो पुण्यात असतो. म्हणाला, कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ताची चाचणी, ६.२ आलाय, बाजूला नॉर्मल ० ते ४ असं लिहिलंय आणि माझा आकडा जाड अक्षरात छापलाय, मला कॅन्सर झालाय का रे? बायकोला अजून सांगितलं नव्हतं त्याने. तासभर बोललो. फोन ठेवल्यावर झोप येईना, मग उठून कपाटातनं अण्णांची फाईल काढली, माझीही काढली, आणि ठरवलं की त्याला जे मागेपुढे करत सांगितलं ते एकदा नीट लिहून काढायचं. मी डॉक्टर नाही, कराडला बँकेत नोकरी करतो. पण हा प्रोस्टेटचा कॅन्सर आधी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, अंगात आणि मग स्वतःच्या अंगात बघितलाय, त्यामुळे जे विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही ते सगळं माझं पाठ झालंय.

अण्णांपासूनच सुरू करतो.

अण्णा शेतकरी माणूस. साठी ओलांडल्यापासून रात्री चार-पाच वेळा उठायचे, आईला वाटायचं यांना झोप लागत नाही म्हणून फेऱ्या मारतात. लघवीची धार बारीक झालेली, थांबून थांबून व्हायची, झाल्यावरही पोट मोकळं वाटायचं नाही, हे सगळं आम्हाला कळलं ते २०१२ साली एका रात्री लघवी पूर्ण तुंबली तेव्हा. पोट दगडासारखं घट्ट, घामाने थबथबलेले, आणि तरीही दादाला म्हणत होते, "काय नाय रं, वय झालं की व्हतंय, सकाळी बघू." नळी घातली तेव्हा सुटका झाली. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं दिसलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली, एकाच गोळीत दोन औषधं, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. त्रास खरंच कमी झाला. अण्णा खूश, आम्ही खूश.

इथे थोडं थांबून प्रोस्टेट म्हणजे काय ते सांगतो, कारण मला स्वतःला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं आणि बँकेतल्या निम्म्या सहकाऱ्यांना अजून वाटतं की तो मुतखड्यासारखाच काहीतरी प्रकार आहे. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बांगडीसारखी बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. प्रत्येक पुरुषाला असते आणि वयाबरोबर बहुतेकांची वाढते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नाही, ती होते नळीला लागून असलेल्या आतल्या भागात, म्हणून नळी दाबली जाते आणि लघवीचा त्रास सुरू होतो. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या सालीसारख्या भागात सुरू होतो, नळीपासून लांब, त्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही. धार चांगली, झोप चांगली, तब्येत ठणठणीत, आणि आत गाठ असू शकते. आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. अण्णांना दोन्ही होतं.

२०१३ साली कुणीतरी सांगितलं म्हणून अण्णांची पीएसए चाचणी केली. साधी रक्ताची चाचणी. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं एक प्रथिन, थोडंसं रक्तात उतरतं, तेच मोजतात. आकडा आला ३.७. कागदावर छापलेलं ० ते ४. मी स्वतः तो कागद घेऊन ज्या दवाखान्यात दाखवत होतो तिथे गेलो, त्यांनी बघितला, म्हणाले नॉर्मल आहे, गोळी चालू ठेवा. मी घरी फोन करून सांगितलं, अण्णांचा रिपोर्ट नॉर्मल आहे. आईने देवापुढे साखर ठेवली.

तीन वर्षांनी, सगळं उघड झाल्यावर, दुसऱ्या एका तरुण युरॉलॉजिस्टने फाईल चाळताना तो कागद बाजूला काढला आणि विचारलं, तेव्हा ड्युटास्टेराइड चालू होती का? मी म्हणालो हो, वर्षभर झालं होतं. तो जरा वेळ गप्प बसला. मग त्याने सांगितलं की या गोळीने प्रोस्टेट आकसतं आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून गोळी चालू असेल तर आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. ३.७ म्हणजे साडेसातच्या आसपास. लॅबच्या कागदाला माहीत नसतं माणूस कुठली गोळी खातोय.

तेव्हा कळलं असतं तर अण्णा वाचले असते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तीन वर्षं आम्ही निर्धास्त होतो, आणि ते निर्धास्त असणं चुकीच्या वाचनावर उभं होतं. हे मला अजून बोचतं.

(ड्युटास्टेराइडची बहीण म्हणजे फिनास्टेराइड. हीच गोळी कमी डोसमध्ये केस गळतीसाठी पोरं वर्षानुवर्षं घेतात, तिनेही पीएसए निम्मा होतो. आणि केसाच्या गोळीला कुणी औषध समजतच नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. मित्राला मी पहिला प्रश्न हाच विचारला.)

२०१५च्या दिवाळीनंतर अण्णांची कंबर धरली. शेतातलं काम, वय ७३, कोण कशाला वेगळा विचार करेल. मालिश झाली, पट्टा झाला, गावाकडच्या माणसाकडून हाड बसवून झालं, फिजिओथेरपी झाली, दुखायची गोळी तर रोजचीच. रात्री पडल्यावर जास्त दुखायचं, ही खूण होती, आम्हाला कळली नाही. सात-आठ महिन्यांनी एक्स-रे काढला तर मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पांढरे डाग. पीएसए १८६. प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली, ग्लीसन ४+५, म्हणजे ९.

ग्लीसन म्हणजे काय हे कुणी आधी सांगत नाही आणि नंतर आयुष्यभर तोच आकडा डोक्यात राहतो, म्हणून सांगतो. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत काढली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडलीय त्यावरून ३, ४, ५ असे नंबर देतात, सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा एक आणि दुसरा एक, आणि बेरीज करतात. ३+३ म्हणजे ६ हा सगळ्यात सौम्य, १० सगळ्यात आक्रमक. ३+४ आणि ४+३ दोन्हीची बेरीज ७ पण दुसरा जास्त वाईट, कारण त्यात ४ची रचना जास्त आहे. आता याचेच १ ते ५ असे ग्रेड ग्रुपही लिहितात. अण्णा ग्रेड ग्रुप ५.

हाडांपर्यंत पोचलेला हा कॅन्सर बरा करता येत नाही, पण दाबून ठेवता येतो, आणि कधीकधी बरीच वर्षं. त्याचं अन्न म्हणजे पुरुषाचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन. ते तोडलं की गाठी उपाशी पडतात. हे चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरने १९४१ मध्ये दाखवलं आणि त्याला १९६६चं नोबेल मिळालं. आजही पाया तोच. टेस्टोस्टेरॉन तोडायचे मुख्य रस्ते दोन, एक म्हणजे महिन्याला किंवा तीन महिन्याला इंजेक्शन, कायम, आणि दुसरं म्हणजे छोटं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढून टाकायची. इंजेक्शन महाग पडत जातं, चुकवून चालत नाही, गावाहून दर वेळी यावं लागतं. ऑपरेशन एकदाच, स्वस्तात. आपल्याकडे अजूनही खूप लोक ते निवडतात.

हे अण्णांना सांगायचं कुणी? दादा बाहेर जाऊन उभा राहिला. मी सांगितलं, खाली बघून, शब्द सापडत नव्हते, "अण्णा, खालच्या गोळ्या काढायला लागतील" असं काहीतरी बोललो. अण्णा बराच वेळ खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरं झाली, नातवंडं झाली. दुखायचं थांबणार असंल तर काढा." आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्या दोन दिवसांबद्दल आम्ही भावंडांनी आजपर्यंत एकमेकांशी शब्द काढलेला नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत कंबर दुखायची राहिली. खरंच राहिली. काठी टाकून माणूस बांधावर चालायला लागला, गावातल्या लोकांना चमत्कार वाटला. पण हार्मोन गेल्याचे बाकीचे परिणाम आम्हाला कुणी समजावून सांगितले नव्हते. डिसेंबरच्या थंडीत अचानक घाम फुटून अण्णा पंखा लावायचे आणि आई ताप आला म्हणून कपाळाला हात लावून बघायची, बायकांना पाळी जाताना होतं तेच हे. पोट सुटलं, दंड बारीक झाले, हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि सगळ्यात अवघड म्हणजे डोळ्यात पाणी यायचं, जे आम्ही कधी बघितलं नव्हतं. कुणाच्या घरी हे औषध चालू असेल तर एवढं लक्षात ठेवा की हे आजारपणाचं चिडचिडेपण नाही, शरीरात खरोखर काहीतरी काढून घेतलंय, आणि रोज चालणं, थोडा वजनाचा व्यायाम याने फरक पडतो.

अडीच वर्षं चांगली गेली. मग पीएसए पुन्हा चढायला लागला, ॲबिराटेरोनच्या गोळ्या सुरू झाल्या, उपाशीपोटी घ्यायच्या, सोबत स्टिरॉइडची छोटी गोळी. आपल्याकडे जेनेरिक मिळतात म्हणून परवडल्या. त्यांनी वर्षभर दिलं. शेवटी मांडीच्या हाडातल्या दुखण्यासाठी एकच लाईट दिली, रेडिएशनला आमच्याकडे लाईट किंवा शेकच म्हणतात, एकाच दिवसाची, आणि त्याने शेवटचे दोन महिने झोप लागली. जानेवारी २०२० मध्ये अण्णा गेले. आता अशा पेशंटला ल्युटेशियमचं औषध देतात, कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटणारं किरणोत्सारी औषध, आणि ते ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं हे वाचलं तेव्हा अभिमान वाटला आणि गलबलूनही आलं.

एक गोष्ट मात्र ठळक लिहितो. प्रोस्टेट कॅन्सर हाडात गेलेल्या माणसाच्या पायातलं बळ अचानक गेलं, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. मणक्यातला मज्जारज्जू दाबला जात असतो आणि त्यात तासांचा हिशोब असतो.

आता माझं. अण्णांचं निदान झालं तेव्हा मी ४७चा. वडील किंवा भाऊ यांच्यापैकी एकाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट, म्हणून डॉक्टरांनी मलाही चाचणी करायला लावली. १.६ आला. मग कोविड, मग टाळाटाळ, आणि २०२३ मध्ये ५४व्या वर्षी केली तर ५.३.

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी काउंटरवर होतो. समोर आजी पेन्शनसाठी उभ्या, आणि मला अण्णांचे पांढरे डाग दिसायला लागले.

इथून पुढे माझं जे झालं ते अण्णांच्या अगदी उलट, आणि म्हणूनच मला हे लिहायचंय. डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले, घाई करू नका, पीएसए हा प्रोस्टेटचा आकडा आहे, कॅन्सरचा नाही. साधी वाढ असली तरी वाढतो, लघवीत इन्फेक्शन असलं तरी वाढतो, नळी घातली असेल, आदल्या दिवशी लांब सायकल मारली असेल, दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल तरी थोडा वाढू शकतो. लघवी तपासली, सहा आठवडे थांबून, दोन दिवस पथ्य पाळून त्याच लॅबमध्ये परत केली. ५.१. मग बोटाने तपासणी. याची लोकांना फार भीती आणि लाज वाटते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, हातमोजा घालून संडासच्या जागेतून बोटाने प्रोस्टेट चाचपतात, कडक गाठ लागते का बघतात. दुखत नाही, ओशाळल्यासारखं होतं, बस. माझी काही गाठ लागली नाही.

पूर्वी इथून सरळ सुईने तुकडे काढायचे. आता आधी एमआरआय. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासाने दाखवलं की आधी एमआरआय केला तर बऱ्याच जणांची बायोप्सी टळते आणि धोक्याच्या गाठी उलट जास्त नीट सापडतात. एमआरआयमध्ये संशयाला १ ते ५ नंबर देतात, पायरॅड्स म्हणतात, १-२ म्हणजे बहुधा काही नाही, ४-५ म्हणजे तुकडा काढायलाच हवा. माझा ३. अध्ये ना मध्ये. प्रोस्टेटचा आकार ४६ सीसी, तरुणपणी वीस-पंचवीस असतो. डॉक्टरांनी ५.१ला ४६ने भागलं, ०.११ आलं, ही पीएसएची घनता, ०.१५च्या खाली असली तर जरा दिलासा, कारण मोठ्या ग्रंथीतून जास्त पीएसए येणारच. पण घरात अण्णांचा इतिहास, म्हणून तुकडा काढायचं ठरलं.

बायोप्सी गुदद्वारातून करण्यापेक्षा वृषणांच्या मागच्या कातडीतून केली तर इन्फेक्शनचा धोका कमी, माझी तशी केली, थोडी भूल देऊन. लघवीतून दोन-तीन दिवस रक्त, वीर्यातून चार-पाच आठवडे तांबूस रंग, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. १४ तुकड्यांपैकी २ मध्ये कॅन्सर. ग्लीसन ३+३.

आता बघा गंमत नाही पण विचित्रपणा, डॉक्टर म्हणाले कॅन्सर आहे आणि आपण काही करायचं नाही. म्हणजे लक्ष ठेवायचं. दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाने एमआरआय आणि परत तुकडा, पुढे ठरावीक काळाने. आकडे बदलले, ग्लीसन वर गेला तर तेव्हा उपचार. मी त्यांना म्हणालो, डॉक्टर, माझे वडील याच आजाराने गेले, काढून टाका ना सगळं. ते म्हणाले वडिलांचा ९ होता, तुमचा ६ आहे, नाव एक असलं तरी आजार वेगळा आहे. ६चा कॅन्सर सहसा शरीरात पसरत नाही, म्हातारपणी दुसऱ्याच कारणाने गेलेल्या कितीतरी पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये असा छोटा कॅन्सर सापडतो, त्यांना आयुष्यात कधी कळलेलंही नसतं.

मला पटेना म्हणून परळला टाटामध्ये जाऊन दुसरं मत घेतलं. तुकड्यांच्या काचा घेऊन गेलो, तिथे परत बघितल्या, तोच निष्कर्ष. तिथल्या डॉक्टरांनी एक विचारलं जे मला कुणी विचारलं नव्हतं, घरात आत्या, मावशी, बहीण कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? मला कळेना माझ्या प्रोस्टेटचा आणि आत्याचा काय संबंध. तर बीआरसीए२ नावाच्या जनुकातला दोष बायकांमध्ये तो कॅन्सर आणतो आणि पुरुषांमध्ये हा, तोही आक्रमक. एका आत्याला होता, म्हणून रक्ताची जनुक चाचणी झाली, दोष नाही निघाला. निघाला असता तर नुसतं लक्ष ठेवण्याबद्दल त्यांनी फेरविचार केला असता.

परत आल्यावर ब्रिटनमधला प्रोटेक्ट नावाचा अभ्यास वाचला, मुलाने शोधून दिला, आणि तो वाचून मन थाऱ्यावर आलं. १,६४३ पुरुष, चाचणीतून कॅन्सर सापडलेले पण प्रोस्टेटच्या आतच असलेला, त्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी, एका गटाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर फक्त लक्ष. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये आकडे आले, तिन्ही गटांत ९७ टक्क्यांच्या आसपास लोक प्रोस्टेट कॅन्सरने गेले नव्हते. फरकच नव्हता का, होता, लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरलेले ९.४ टक्के, बाकी दोन्हीत ५च्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी साठेक टक्क्यांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच. म्हणजे लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं नव्हे, तारखा पाळायला लागतात. पण दुसरी बाजू पण तिथेच लिहिलीय, ऑपरेशन झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते, सहा वर्षांनीही १७ टक्के. आणि ताठरतेचा प्रश्न वेगळाच.

याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही म्हणून बोलतो. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी ताठरतेच्या बारीक नसा जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवून ऑपरेशन करायची पद्धत आणली, आता रोबोटने करतात, दिसतं मोठं, हात थरथरत नाही, रक्त कमी जातं, पण रोबोट आहे म्हणजे काहीच होणार नाही असं नाही, सर्जनचा हात आणि गाठ कुठे आहे यावर बरंच अवलंबून. टाटाच्या रांगेत भेटलेले सांगलीचे एक काका, निवृत्त मास्तर, ऑपरेशनला आठ महिने झाले होते, मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिंकलो तरी धोतर ओलं होतं, लग्नाकार्याला जाणं बंद केलंय, कुणी आधी सांगितलं असतं तर ओटीपोटाचे व्यायाम आधीपासून केले असते." ते व्यायाम म्हणजे लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे आणि सोडायचे, ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करायचे. पण हेही खरं की काकांचा ग्लीसन ८ होता, त्यांना उपचार हवाच होता, आणि ते जिवंत आहेत, शाळेच्या पोरांना अजून गणित शिकवतात.

रेडिएशनमध्येही खूप बदललंय. पूर्वी सात-आठ आठवडे रोज, आता बऱ्याच ठिकाणी चार आठवड्यांत २० वेळा, आणि ठरावीक पेशंटना फक्त ५ वेळा. दर वेळी ठरलेलं पाणी पिऊन मूत्राशय भरून जायचं असतं, म्हणजे आतडी वर सरकतात. सुरुवातीला लघवीची जळजळ, शौचाला घाई, क्वचित पुढे संडासवाटे रक्त. धोका जास्त असलेल्यांना सोबत हार्मोनचं इंजेक्शन, कधी सहा महिने, कधी दोन-तीन वर्षं. आणि जास्त धोक्याच्या कॅन्सरमध्ये नुसत्या प्रोस्टेटला लाईट द्यायची की ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही, या प्रश्नाचं उत्तर आपल्या टाटाच्या अभ्यासाने दिलं, २०२१ मध्ये छापून आला, २२४ पेशंट, सगळ्या ओटीपोटाला दिलेल्या गटात पाच वर्षांनी ९५ टक्के लोकांचा पीएसए काबूत, नुसत्या प्रोस्टेटवाल्यांमध्ये ८१ टक्के.

लक्ष ठेवण्याचा काळ मात्र घरात सोपा नसतो. मामा म्हणाले डॉक्टर पैशासाठी ऑपरेशन करतात हे ऐकलं होतं, न करणारा पहिलाच बघतोय, दुसरीकडे दाखव. शेजाऱ्यांनी भोपळ्याच्या बिया दिल्या, कुणी गोखरूचा काढा, व्हॉट्सअ‍ॅपवरून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. प्रेमापोटी देतात सगळे. पण ई जीवनसत्त्वावर अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास झाला होता आणि २०११ मध्ये निघालं काय, तर ते घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. बायकोने डबी केराच्या टोपलीत टाकली. तिच्याशी मी पहिल्या दिवसापासून सगळं बोललो, अण्णा आईशी बोलले नव्हते ते सगळं, आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात रात्री जागा झालो की ती पण जागी असते.

मग चाचणी सगळ्यांनी करावी का? मित्राने शेवटी हेच विचारलं. युरोपात दीड लाखांवर पुरुषांवर २३ वर्षं चाललेल्या अभ्यासाचे शेवटचे आकडे २०२५ मध्ये आले, चाचणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरने जाणारे १३ टक्क्यांनी कमी. दुसऱ्या शब्दात, ४५६ पुरुषांना चाचणीला बोलवा, एकाचा जीव वाचतो, आणि जास्तीचे जे सापडतात त्यांच्या हिशोबात बघितलं तर १२ जणांमागे एक. त्या १२ मधले उरलेले बरेच जण माझ्यासारखे, ज्यांना कळलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना उगाच कापलं तर नुकसान, त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं तर नाही. म्हणून तर अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये चाचणी करूच नका म्हटलं आणि २०१८ मध्ये बदलून ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा असं सांगितलं, सत्तरीनंतर नको. ज्यो बायडेन यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ची, आणि मे २०२५ मध्ये कळलं ते थेट ग्लीसन ९, हाडात पोचलेला. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात, प्रोस्टेट त्यात नाही, आपलं आपण विचारायचं. माझं मत विचाराल तर पन्नाशीला, आणि घरात कुणाला असेल तर पंचेचाळिशीला, एकदा डॉक्टरांसमोर बसून बोलावं, वय, घरातला इतिहास, चालू गोळ्या सगळं सांगावं आणि मग चाचणी. लघवीचा त्रास किंवा न जाणारी कंबरदुखी असेल तर ही स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना तपासण्याची, चर्चाच लागू नाही, तेव्हा वय काही असो, दाखवायचंच. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

माझी तीन वर्षं होत आली. दुसरी बायोप्सी परत ३+३, पीएसए पाचाच्या आसपास घुटमळतोय, पुढची तारीख दसऱ्यानंतर. मित्र लघवी तपासून सहा आठवड्यांनी परत करणार आहे, रविवारी सायकलवर सिंहगडाला जातो तो, तर त्याला म्हटलंय त्या आठवड्यात राहू दे.

आणि दादा. दादा अण्णांसारखाच, दहा वर्षं मागे लागलो होतो, "मला काय त्रास नाय" एवढंच उत्तर. मागच्या महिन्यात वहिनीने कसं जमवलं माहीत नाही, पण त्याने रक्त दिलं. रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, १.९. त्या आकड्याच्या बाजूला, छापलेल्या ० ते ४ च्या पुढे, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात पेनने लिहिलं होतं, "कोणतीही गोळी चालू नाही."